तीस बाय वीसच्या कॉफी हाउसमध्ये चार जणांचा बँड: आवाज, जागा आणि व्यवहार

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावरच्या छोट्या कॉफी हाउसमध्ये आपल्या चार जणांच्या बँडला दर शनिवारी संध्याकाळी वाजवण्यासाठी बोलावले आहे. बँडमध्ये गायिका, अकूस्टिक गिटार, बेस गिटार आणि ड्रम्स आहेत. जागा तीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच असून खुर्च्या चाळीस आहेत. पहिल्या दोन कार्यक्रमांत गायिकेचे शब्द कोणाला कळले नाहीत, बेस घुमत राहिला, पुढच्या टेबलांवरची मंडळी उठून मागे जाऊन बसली, वरच्या मजल्यावरून तक्रार आली आणि मालकांनी आवाज कमी करायला सांगितले. आवाज कमी केला की गाणे पडते, असे आपल्या ड्रमरचे म्हणणे आहे. यावर मोठे स्पीकर आणि नवा मिक्सर (माइक व वाद्यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र करणारे यंत्र) घ्यावा का, परवाने कोणते लागतात आणि मानधन कसे ठरवावे, असे आपण विचारले आहे.

पुण्या-मुंबईतील लहान जागांमध्ये ध्वनिसंयोजनाचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो की स्पीकर आणि मिक्सरवर सध्या एक रुपयाही खर्च करू नका. आपल्या अडचणीचे मूळ यंत्रसामग्रीत नाही. एवढ्या जागेत कार्यक्रमाचा आवाज किती असणार हे मिक्सर ठरवत नाही, ते ड्रम ठरवतो, कारण चौघांमध्ये माइकशिवाय सर्वांत मोठे वाजणारे वाद्य तेच आहे आणि त्याला कमी करण्याची कळ मिक्सरवर नसते.

हे आकड्यांत पाहिले तर लगेच पटेल. ड्रम स्टिकने जोमात वाजवला, तर तीन फुटांवर तो सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, पण काच, फरशी आणि सिमेंटचे छत असलेल्या बंद खोलीत परावर्तनामुळे तो तेवढा उतरत नाही, त्यामुळे शेवटच्या टेबलापर्यंत ड्रमचा जोर फारसा ओसरत नाही. याउलट गायिकेने मनापासून आवाज लावला तरी तीन फुटांवर तो ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास असतो. शब्द कळायचे तर गायकाचा आवाज साथीच्या वर काही डेसिबल तरी असावा लागतो. म्हणजे ड्रमच्या वर गायिकेला न्यायचे तर स्पीकरमधून १०० डेसिबलच्या पुढचा आवाज सोडावा लागेल, आणि तेवढा आवाज वीस फुटांच्या खोलीत सोडला की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून माइक शिट्टी मारणार, पुढची टेबले रिकामी होणार आणि वरचे शेजारी खाली येणार. आपल्याकडे नेमके हेच झाले आहे. त्यात मोठे स्पीकर आणले तर हाच प्रकार अधिक जोरात होईल.

कानांच्या आरोग्याचा मुद्दाही येथेच सांगून टाकतो, कारण आपण दर शनिवारी वाजवणार आहात आणि काउंटरमागची मुले तर पूर्ण वेळ तेथेच उभी असतात. व्यावसायिक आरोग्याचा जो निकष अनेक ठिकाणी मानला जातो त्यानुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहणे ही मर्यादा आहे, आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे उरतात.

आता ड्रमरबद्दल. आवाज कमी केला की गाणे पडते, हे त्यांचे निरीक्षण खरे आहे आणि ते हट्टाने बोलत आहेत असे समजू नका. स्टिकचा फटका हलका केला की हात आखडतो, लय मागे ओढली जाते, स्नेअरचा, म्हणजे वादकासमोरच्या मुख्य ड्रमचा, नाद पोकळ होतो आणि ऐकणाऱ्याला वादक घाबरून वाजवत आहे असे वाटते. त्यामुळे त्यांना ‘हळू वाजवा’ असे सांगून काहीच साधणार नाही. त्यांच्या हातातले साधन बदलले पाहिजे, म्हणजे हात मोकळा राहील आणि आवाज आपोआप उतरेल. बारीक काड्यांची जुडी बांधलेल्या रॉड्स मिळतात. त्यांनी पूर्ण हाताने वाजवले तरी आवाज स्टिकपेक्षा पुष्कळ कमी राहतो. संथ गाण्यांसाठी तारांचे ब्रश घ्यावेत. मात्र ब्रश फिरवण्याचा तो सळसळता नाद हवा असेल तर स्नेअरवर खरखरीत, पांढरा लेप दिलेले पान, म्हणजे वरचा ताणलेला पडदा, असावे लागते. गुळगुळीत पारदर्शक पानावर ब्रश नुसता घसरतो आणि काही ऐकू येत नाही. पुष्कळ ड्रमर ब्रश विकत घेतात, पान मात्र तेच ठेवतात, आणि ब्रशमध्ये दम नाही असे ठरवून आठवडाभरात स्टिककडे परततात.

ड्रमचा संचही छोटा करावा. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर, हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) आणि एक राइड सिम्बल (ठेका धरायची झांज) एवढे या जागेला पुरते. क्रॅश सिम्बल, म्हणजे जोरात झणाणणारी झांज, घरी ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. शब्दांची स्पष्टता व्यंजनांवर अवलंबून असते, त्यांची ऊर्जा साधारण २ ते ६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २ ते ६ हजार कंपनांच्या, पट्ट्यात असते, आणि क्रॅशचा झणत्कार नेमका त्याच पट्ट्यात दोन-तीन सेकंद पसरून राहतो. ओळीच्या शेवटी क्रॅश वाजला की पुढच्या ओळीचे पहिले दोन शब्द गेलेच म्हणून समजा. काही गाण्यांत ड्रम पूर्ण बाजूला ठेवून काहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) किंवा ढोलकी घेता येते का, हेही पाहावे. आपल्या गाण्यांत मराठी गाणी असतील तर ढोलकी आणि दिमडी यांचा नाद त्या गाण्यांच्या जवळचा आहे, आणि बोटांनी वाजवलेल्या वाद्यात हळू-मोठे करण्याची जी बारकाई असते ती ड्रमसंचाला फार कष्टाने साधते. संबळ मात्र येथे आणू नका. ते मोकळ्या अंगणाचे वाद्य आहे.

एक सराव सुचवतो. तालमीत सगळी गाणी एकदा गायिकेला माइक न देता वाजवा. तिने ताण न देता, बसून, नेहमीच्या आवाजात गावे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाने शब्द लिहून घ्यावेत. जेथे शब्द सुटले तेथे कोण वाजवत होते ते पाहावे आणि त्या वादकाने तेवढ्या जागी वादन पातळ करावे किंवा थांबावे. हा सराव चौघांनाही आधी जाचक वाटतो. पण याच तालमीत गाण्याची रचना खऱ्या अर्थाने बसते: गिटार आणि बेस एकाच ठोक्यावर एकमेकांच्या अंगावर येत आहेत, ओळ चालू असताना ड्रमर भरणा (ठेक्याबाहेरचे जादा ठोके) करत आहे, अशा गोष्टी मोठ्या आवाजात झाकून जातात आणि येथे उघड्या पडतात. आपल्या बैठकीच्या गाण्याला ही शिस्त ठाऊक होती. ध्वनिक्षेपक येण्याआधी दिवाणखान्यात गायक, तबला आणि सारंगी किंवा पेटी एवढ्यांनी मैफल रंगत असे, कारण साथीदार गायकाचा आवाज ऐकून आपला हात ठरवत असे. १९५० आणि ६० च्या दशकांत मुंबईत चर्चगेट स्ट्रीटवरच्या, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवरच्या, उपाहारगृहांत रोज रात्री बँड वाजत, आणि त्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. जेवणाऱ्यांच्या बोलण्याखाली राहून वाजवणे आणि नृत्य सुरू झाले की जोमात वाजवणे, ही दोन्ही कामे त्यांना एकाच रात्री करावी लागत. आपण जे शिकू पाहत आहात त्याला असा मोठा वारसा आहे.

बेस घुमण्याचे कारण मात्र वादकांत नाही, ते खोलीत आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये, किंवा फरशी आणि छत यांमध्ये, ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी बरोबर बसते तो ध्वनी आणि त्याच्या पटीतले ध्वनी त्या खोलीत फुगतात. दहा फूट उंचीसाठी असा पहिला ध्वनी साधारण ५७ हर्ट्झचा येतो. वीस फूट रुंदीचा पहिला २८ च्या पुढे येतो आणि त्याची दुप्पट पुन्हा ५७ होते. तीस फूट लांबीचा पहिला १९ येतो आणि त्याची तिप्पट पुन्हा ५७. आपल्या खोलीची तिन्ही मापे दहाच्या पटीत असल्यामुळे तिन्ही दिशांनी एकच ध्वनी फुगवला जात आहे, आणि असे कॉफी हाउस मिळणे हे बेसवादकाचे दुर्दैवच म्हणावे लागेल. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचे तर बेस गिटारवर पांढरी सहाचा खालचा स्वर ५५ हर्ट्झ आहे आणि काळी पाचचा ५८ च्या थोडा वर आहे. म्हणजे ५७ हर्ट्झ बरोबर त्या दोघांच्या मध्ये पडतो. आता आपल्याकडील गायिकांची नेहमीची पट्टी आठवा: काळी चार, काळी पाच. आपली गायिका काळी पाचमध्ये गात असेल, तर प्रत्येक वेळी बेस षड्जावर आला की सारी खोली घुमणार. तेच गाणे काळी चारमध्ये घेतले तर बेसचा षड्ज ५२ हर्ट्झच्या जवळ उतरतो आणि घुमणे लक्षात येण्याइतके कमी होते. वर न्यायचे असेल तर पांढरी सात, म्हणजे सुमारे ६२ हर्ट्झ, हाही पर्याय आहे. बेसने एक सप्तक वर वाजवावे असेही काही जण सुचवतील, पण ५७ ची दुप्पट ११४ होते आणि तोही ध्वनी याच खोलीत फुगतो, त्यामुळे त्या उपायाने त्रास पुरता जात नाही.

पट्टी बदलणे गायिकेला शक्य नसेल तर मिक्सरवर फक्त बेसच्या चॅनेलमध्ये ५७ हर्ट्झच्या आसपासचा अरुंद पट्टा ५-६ डेसिबलने कापावा. संपूर्ण मिश्रणाचा खर्ज, म्हणजे खालचे स्वर, कापू नये, त्याने किक आणि गिटारही विनाकारण पोकळ होतात. बेसचा अ‍ॅम्प (बेसचा स्वतःचा स्पीकर) कोपऱ्यात ठेवला असेल तर आधी तो बाहेर काढा. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येतात आणि खर्जाला सर्वांत जास्त बळ तेथेच मिळते. अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता खुर्चीइतक्या उंचीवर ठेवा, म्हणजे वादकाला स्वतःचे वाजवणे कानाशी ऐकू येईल आणि तो आवाज वाढवणार नाही. हा घुमारा सगळ्या टेबलांवर सारखा नसतो: भिंतीलगत बसलेल्यांना तो असह्य होतो, मधल्या काही टेबलांवर तो जवळजवळ हरवतो. म्हणून एकाने बेसवर एकच ओळ वाजवत राहावी आणि दुसऱ्याने सगळ्या टेबलांवर बसून पाहावे. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जागेवरून केलेला निर्णय या बाबतीत हमखास चुकतो.

साउंडचेकविषयी, म्हणजे कार्यक्रमाआधीच्या आवाजाच्या चाचणीविषयी, एक गोष्ट समजून घ्या, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्या मापाच्या खोलीत फरशी, काच आणि रंगवलेल्या भिंती असतील तर रिकाम्या खोलीत मध्यम स्वरांचा ध्वनी विरायला पावणेदोन सेकंदांच्या आसपास लागतात. चाळीस माणसे येऊन बसली की त्यांचे कपडे आणि शरीरे ध्वनी शोषतात आणि तोच वेळ पाऊण-एक सेकंदावर येतो. माणसे वरचे आणि मध्यम स्वर चांगले शोषतात, खर्ज मात्र फारसा शोषत नाहीत. त्यामुळे साडेपाच वाजता रिकाम्या खोलीत झणझणीत वाटणारा आवाज आठ वाजता कोंदट आणि बेसप्रधान होतो. रिकाम्या खोलीत आवाज थोडा कर्कश वाटला तर तो तसाच ठेवावा, आणि खर्ज मात्र हवा त्याहून कमीच ठेवावा. पहिले गाणे शब्दांचा भार नसलेले किंवा सगळ्यांना पाठ असलेले निवडा, म्हणजे भरलेल्या खोलीत मिश्रण नीट करायला तेवढा अवधी मिळेल.

बसण्याच्या जागेबद्दल: मालक बहुधा बँडला रस्त्याकडच्या काचेसमोर बसवतात, कारण बाहेरून जाणाऱ्याला तो दिसतो. त्यांचा हेतू योग्य आहे, पण काच हा पाठीमागे ठेवण्यासाठी सर्वांत वाईट पृष्ठभाग आहे. तेथेच बसायचे असेल तर मागे जाड, चुण्यांचा पडदा सोडायला सांगा. शक्य असेल तर वीस फुटांच्या भिंतीला पाठ करून खोलीच्या लांबीकडे तोंड करावे, पाठीशी पुस्तकांचे कपाट असेल तर उत्तमच, आणि कॉफीचा काउंटर बँडपासून दूर असावा. दोन्ही स्पीकर स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर आणि माइकच्या पुढे असावेत. दहा इंची दोन स्पीकर या खोलीला पुरून उरतात.

वरच्या मजल्यावरून आलेली तक्रार बहुधा हवेतून गेलेल्या आवाजाची नाही. किक ड्रमचा आणि जमिनीवर ठेवलेल्या बेस अ‍ॅम्पचा धक्का फरशीतून खांबांत आणि खांबांतून वर जातो. वरच्यांना गाणे ऐकू येत नाही, नुसता धब्-धब् ठोका ऐकू येतो, आणि म्हणूनच तो जास्त त्रास देतो. किकखाली जाड रबराची चटई आणि तिच्यावर गालिचा घाला, अ‍ॅम्प उचलून ठेवा. यानंतर वरच्या घरी स्वतः जा, कार्यक्रम किती वाजता संपतो ते सांगा आणि एकदा त्यांच्या दिवाणखान्यात बसून ऐकण्याची परवानगी मागा. तेथे बसल्यावर बँडला काय कमी करायचे हे जितके कळते तितके कोणत्याही मापकाने कळत नाही.

माइकच्या बाबतीत तीन गोष्टी पुरेशा आहेत. गायिकेने ओठ माइकपासून दोन-तीन बोटांवर ठेवावेत. हे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि तो भरून काढायला माइकची पातळी वाढवली की शिट्टी येते. दुसरे, उघडे, म्हणजे चालू, माइक कमीत कमी ठेवा, कारण उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपर्यंतची सवलत ३ डेसिबलने घटते. या खोलीत ड्रमला माइक लावण्याचे काहीच कारण नाही. तिसरे, मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) एकच, छोटा, आणि त्यात फक्त गायिकेचा आवाज द्यावा. शुअर एसएम-५८ सारखा कार्डिऑइड (बरोबर मागून येणारा आवाज टाळणारा) माइक असेल तर मॉनिटर माइकच्या बरोबर शेपटीकडे असावा. सुपरकार्डिऑइड असेल तर तो शेपटीच्या थोडा बाजूला असावा, कारण त्या प्रकारच्या माइकला बरोबर मागून येणारा आवाज थोडा ऐकू येतो. अकूस्टिक गिटार पिकअपमधून डीआय बॉक्समार्फत (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवणाऱ्या डबीमार्फत) घ्या आणि तिच्या पोकळीवर रबराचे झाकण बसवा. मोठ्या गिटारीच्या पोकळीतली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि घोंघावणारा फीडबॅक, म्हणजे त्या शिट्टीचाच खालच्या स्वरातला प्रकार, बहुतेक वेळा तेथूनच येतो.

विजेकडे मात्र बारकाईने लक्ष द्या. एस्प्रेसो यंत्राचा बॉयलर ठरावीक वेळाने चालू-बंद होतो, आणि ध्वनियंत्रणा त्याच लाइनवर असेल तर दर वेळी स्पीकरमध्ये ‘टक्’ असा आवाज येतो. ग्राइंडरच्या मोटरमुळे खरखर येते. मालकांच्या इलेक्ट्रिशियनकडून काउंटरपेक्षा वेगळ्या सर्किटवरचा एक पॉइंट मागून घ्या आणि मिक्सर, स्पीकर, बेस अ‍ॅम्प व गिटारचे पेडल हे सर्व त्या एकाच पॉइंटवरून चालवा; वेगवेगळ्या पॉइंटवरून घेतले की अर्थिंगमधल्या फरकामुळे गुणगुण येते. ही गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून टाकण्याची वाईट सवय आपल्याकडे सर्रास आढळते. कृपया कोणालाही असे करू देऊ नका. गिटारच्या तारा हातात आणि ओठ लोखंडी जाळीच्या माइकला, अशा स्थितीत अर्थ नसलेले उपकरण जीव घेऊ शकते, आणि पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीच्या पॉइंटवर हा धोका आणखी वाढतो.

ग्राइंडर आणि दूध तापवणारी वाफ यांच्या आवाजावर ध्वनियंत्रणेचा कोणताही उपाय चालत नाही, तो माणसांशी बोलूनच होतो. काउंटरवरच्या मुलांना गाण्यांची यादी आधी द्या, संथ गाण्यांवर खूण करून ठेवा आणि त्या चार मिनिटांत ग्राइंडर चालणार नाही एवढे ठरवून घ्या. गाणे संपून टाळ्या सुरू झाल्या की त्यांनी दळावे. मी जेथे जेथे हे ठरवले आहे तेथे त्या मुलांनी ते मनापासून पाळले आहे, आणि पुढे तीच मुले ‘ते गाणे घ्या ना’ म्हणून फर्माईशही करतात.

लोक गाणे चालू असताना बोलतात, ही तक्रार आपण केलेली नाही, पण ती पुढे येईलच. भोवतालचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. बँडने त्यावर आवाज वाढवला की लोक आणखी चढवतात, आणि अर्ध्या तासात दोन्हीकडून ओरडणे सुरू होते. आपण आवाज खाली उतरवलात तर पुढची दोन टेबले आधी शांत होतात, त्यांच्या मागची नंतर. कॉफी हाउस हे नाट्यगृह नव्हे. तेथे आलेल्या माणसाला आपल्या मित्राशी बोलण्याचा हक्क आहे. पुढच्या टेबलावर ८० डेसिबलच्या आसपास राहा, म्हणजे ज्यांना ऐकायचे त्यांना पूर्ण ऐकू येईल आणि मागच्या भिंतीशी बसलेल्यांना बोलताही येईल.

कायद्याचे म्हणाल तर, ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर वाणिज्य क्षेत्रात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही भोवतालच्या आवाजाची मानके आहेत. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या क्षेत्राच्या मानकापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. आपली इमारत निवासी आहे, म्हणून दार लावून घेऊन, ६० डेसिबल ही मर्यादा धरून चालावे आणि कार्यक्रम साडेनऊला संपवावा. रुग्णालय, शिक्षणसंस्था किंवा न्यायालय यांच्यापासून १०० मीटरच्या आतला परिसर शांतता क्षेत्रात मोडू शकतो, तेही पाहून घ्या. ध्वनिक्षेपकाची आणि कार्यक्रमाची परवानगी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करून मालकांच्या नावाने लेखी घ्यावी. तिकीट लावणार असाल तर अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

दुसऱ्यांची गाणी गाण्याबाबत गोंधळ फार आहे. चित्रपटगीते किंवा भावगीते कार्यक्रमात प्रत्यक्ष गायची असतील तर शब्द आणि चाल यांच्या हक्कांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा, म्हणजे आयपीआरएसचा, परवाना लागतो. ही संस्था १९६९ पासून काम करते. मध्यंतरात ध्वनिमुद्रित गाणी लावायची असतील तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि त्याचा परवानाही वेगळा. दोन्ही परवाने जागेच्या चालकाने काढायचे, हे बोलणीच्या वेळीच ठरवा. संतांचे अभंग मोकळे आहेत असे समजून काही बँड निर्धास्त असतात. तुकोबांचे शब्द निश्चित मोकळे आहेत, परंतु चालीचे तसे नाही: भारतात संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे २०११ मध्ये निवर्तलेल्या श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या चाली अजून अनेक दशके संरक्षित आहेत. अभंगाला स्वतःची चाल लावली तर ती आपली. आपल्या स्वतःच्या गाण्यांचे गीतकार आणि संगीतकार यांनी आयपीआरएसचे सदस्य व्हावे आणि कार्यक्रमात काय वाजवले याची यादी जपून ठेवावी.

मानधनाची बोलणी करताना मालकांच्या जागी बसून हिशेब करा. समजा, आपल्यामुळे शनिवारी पंधरा माणसे जास्त आली आणि प्रत्येकाचे बिल ४०० रुपये झाले, तर गल्ल्यात ६,००० रुपये जास्त पडले; माल, गॅस, कर वजा जाता त्यांच्या हाती निम्मे राहिले असे धरले तर ३,००० रुपये. त्यात चार वादकांचे १०,००० बसणार नाहीत, आणि ओढाताण करून बसवले तरी तिसऱ्या महिन्यात कार्यक्रम बंद पडेल. म्हणून ठरावीक किमान रक्कम आणि त्या संध्याकाळच्या ठरावीक आकड्यावरच्या विक्रीत हिस्सा, अशी मांडणी मला सर्वांत न्याय्य वाटते. नुसत्या हिश्श्यावर किंवा टेबलावरच्या क्यूआर कोडवर मिळणाऱ्या बक्षिशीवर विसंबून राहू नका. तिचे पैसे वर मिळाले तर आनंद आहे, पण ती मानधनाची जागा घेऊ शकत नाही. ‘आम्ही तुम्हाला व्यासपीठ देतो’ या एका वाक्यावर फुकट वाजवू नका, कारण त्याने आपल्यानंतर येणाऱ्या प्रत्येक बँडचा भाव पडतो. चाळीस मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये वीस मिनिटे अशी रचना ठेवा. ऑर्डरी त्या वीस मिनिटांत येतात, आणि मालकांना आपला खरा उपयोग तेव्हाच दिसतो.

हे सगळे एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात: वेळ, रक्कम, रक्कम कधी मिळणार, परवाने कोणाचे, वाद्यांचे नुकसान झाले तर काय, आणि कार्यक्रम रद्द झाला तर काय. शेवटच्या कलमावर जोर देतो. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या एखाद्या शनिवारी पाऊस कोसळतो, वीज जाते आणि चारच्या सुमारास मालकांचा फोन येतो, की आज नको. आपण तोवर भाड्याचा टेम्पो ठरवलेला असतो आणि ड्रमरने दुसरे काम नाकारलेले असते. आदल्या दिवशी कळवले तर काही नाही, त्याच दिवशी कळवले तर निम्मे मानधन, वाद्ये लागल्यावर रद्द झाले तर पूर्ण, असे ठरवून ठेवावे. मी पाहिलेल्या समंजस मालकांपैकी कोणीही यावर हरकत घेतलेली नाही.